दमाची गोळी

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं बोलून यवतमाळला जाऊन आले! घरी सांगितलं, ईदच्या ऑर्डरी येताहेत, अस्तर आणि लेस आणते. आणलंही. खोटं बोललं की ते निभवावंही लागतं. पिशवीत वर अस्तर, मध्ये लेस आणि तळाशी गोळ्या. दहाच्या तीन पट्ट्या. रोज रात्री जेवल्यावर एक. बसमध्ये आमचं फुलसावंगी येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मनात येईल ते लिहीत जा. कुणाला दाखवायचं नाही." म्हणून लेकीची, गझालाची, कोरी रफ वही मागून घेतली. "कायले पाहिजे?" म्हणाली. शाळेतल्या पोरींबरोबर राहून माझ्याशीही वऱ्हाडी बोलते! म्हटलं, शिलाईची मापं लिहायला. एका दिवसात दुसरं खोटं.

घरात आम्ही हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी. लिहायचं म्हटलं की मराठीच हातात येतं. शिवाय अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, वाचताच येत नाही. बरंच आहे ते. — असं लिहायला नको होतं.

गोळ्या मशीनखाली, टिकल्यांच्या डब्यात ठेवल्या. दोन वर्षांत टिकल्यांचं काम आलेलं नाही. त्याला कोण हात लावणार!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काय होतं ते मॅडमना नीट सांगता आलं नाही. इथे लिहून बघते.

मशीनवर बसलेली असते. काहीही झालेलं नसतं. एकदम छाती धडधडायला लागते, हातापायांना मुंग्या, श्वास घशाशीच अडकतो. वाटतं, मेले! आता गझालाचं कोण बघेल? पंधरा मिनिटं जातात. मी मेलेली नसते. ब्लाउज तिथेच, सुई तिथेच. फक्त घामानं कुडता ओला.

पहिल्यांदा झालं ते आठवडी बाजारात, टमाट्यांच्या ढिगापुढे. मुजफ्फर — माझे मिस्टर. तोंडानं नाव घेत नाही, पानावर लिहायला काय जातं! — गॅरेजमध्ये कुणाची तरी गाडी उघडी टाकून धावत आले. पुसदला नेलं. छातीची पट्टी, ईसीजी, काढली, नॉर्मल. "काही नाही झालं," म्हणाले सगळे. काही नाही झालं तर हे काय होतं?

अम्मी म्हणाल्या, नजर लागली. मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडे घेऊन गेल्या. त्यांनी कुराणातली आयत पढून पाण्यावर फुंकर घातली. आमच्यात याला दम करणं म्हणतात. बाटलीभर पाणी दिलं. मी ते विश्वासानं प्यायले, अजून पिते. पिताना बरं वाटतं, हेही खरं. पण बाटली संपायच्या आत पुन्हा तेच. मग वाटतं, पाण्यात खोट नाही, माझ्यात आहे. पाच वक्त नमाज पढणाऱ्या बाईला एवढी भीती कशाची? माझं ईमानच कच्चं! सजद्यात डोकं टेकवलं तरी आत मशीन चालूच असते.

अम्मींचं ठरलेलं — "हमारे टैम पे किसी को घबराट-वबराट नहीं होती थी. शादी के तीसरे दिन मैंने चालीस लोगों की रोटी डाली! मुँह से आह नहीं निकली!" मारेगावहून पंधराव्या वर्षी या घरात आल्या. ती चाळीस माणसं मी अठरा वर्षं ऐकते आहे. आता त्यांची नावंच सांगायची तेवढी राहिली!

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. आणि पहिल्याच दिवशी धरली गेले!

हूक संपले म्हणून अम्मींनी मशीनखालचे सगळे डबे उपसले. काज-बटन, हूक त्याच लावतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नको ते सगळं दिसतं. टिकल्यांच्या डब्यातून पट्टी वर काढली.

"ये काय की गोलियाँ हैं?"

तोंडातून निघालं, "दम की हैं, अम्मी."

तसं ते खोटं नाही. मराठीत आपण म्हणतोच, दम लागतो. मला दम लागतो, त्याच्या गोळ्या. अम्मींनी पट्टी दोन्ही डोळ्यांना लावली, बिस्मिल्लाह म्हणाल्या आणि होती तशी डब्यात ठेवून दिली. पुढे एक शब्द नाही! मी सुटले. आता लपवायचीही गरज नाही.

५ मार्च, बुधवार

गझालाचा गणिताचा पेपर. रोजा ठेवू नको म्हटलं, ऐकलं नाही. दहावीचं वर्ष! पेपरपेक्षा मला सेंटरची धास्ती. तिथे स्कार्फ काढायला लावला तर? सगळ्यांपुढे? कुणी काही बोललं तर? मोबाईलवर काय काय बघते मी, मग आठवडाभर तेच डोक्यात.

आली घरी. म्हटलं, काय झालं? "काही नाही वो मम्मी. मॅडमनी बाजूले नेऊन कान पाह्यले, म्हणे बांध बेटा वापस." एवढंच! आणि मी सहा दिवस मरत होते.

८ मार्च, शनिवार

दोन गोष्टी.

एक — तानाबाईच्या ब्लाउजला अम्मींनी हूक उलट्या बाजूला लावले. चारही! तानाबाई शेजारची, तिच्या भाचीचं लग्न. ती अम्मींकडे बघून हसली, "रौशनबी, हा बिलाउज घालाव का खुंटीले टांगाव?" मला वाटलं आता अम्मींचा भडका उडणार. त्या चक्क हसल्या! दुपारी ओसरीवर झोपल्याही. अम्मी आणि दुपारची झोप! रमजानची बरकत म्हणायची.

दोन — आज पट्टी बघितली. पंचवीस तारखेपासून काल रात्रीपर्यंत मी अकरा गोळ्या घेतल्या. एकोणीस उरायला हव्यात. पंधरा आहेत.

तीनदा मोजल्या. पंधरा.

मीच विसरून दोन-दोन घेते आहे का? डोकं इतकं गेलं?

९ मार्च

आजपासून गोळी घेतली की कॅलेंडरवर पेन्सिलीचा ठिपका.

१० मार्च, सोमवार

ठिपका एक, शनिवारची धरून माझ्या दोन. गोळ्या दोन दिवसांत चार कमी. म्हणजे मी नाही. घरातलं कुणीतरी.

मुजफ्फर तर डोकेदुखीचीही गोळी घेत नाहीत. अम्मी डॉक्टरच्या गोळीला हात लावत नाहीत, बीपीची सुद्धा मी समोर उभी राहून देते. राहिली कोण?

गझाला पहाटेच्या सहरीनंतर पुस्तक तोंडावर घेऊन झोपते. परवा विचारत होती, "मम्मी, तुले कसं होते? छातीत धडधड होते का?" का विचारलं तिनं? तिलाही होतं का? माझ्याकडूनच गेलं का तिच्यात? की — लिहवत नाही — साठवते आहे? एकदम घ्यायला? दहावीच्या पोरींच्या काय काय बातम्या येतात!

ती अंघोळीला गेली तेव्हा तिची बॅग उपसली. पट्टी नाही. कंपास, हॉलतिकीट, एका कागदावर विज्ञानाची सूत्रं आणि खाली तिच्या अक्षरात दुआ — रब्बी ज़िदनी इल्मा, अल्लाह, माझं ज्ञान वाढव. मान वर केली तर दारात गझाला. केस ओले.

"काय पाहून राह्यली तू?"

तिनं बॅग ओढून घेतली आणि सेंटरला जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. पेपर कसा गेला तेही सांगितलं नाही. मी दिवसभर टीप घातली. एकही शिवण सरळ नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी गोळ्या डब्यातून काढून बुरख्याच्या खिशात ठेवल्या. नऊ राहिल्या. नऊ दिवसांच्या.

(इफ्तारनंतर)

भांडी तशीच टाकून लिहायला बसले. अक्षर बघ!

खजूर तोंडात घातला, मगरिबची नमाज झाली, जेवणं झाली. अम्मी उठून मशीनपाशी गेल्या. डब्यांचा खडखडाट. आणि तिथूनच ओरडल्या — "शगुफ्ता! मेरी दम की गोली किधर गई?"

मला काही कळेना. "कौन सी, अम्मी?"

"अरे, वोइच! हाफिजसाब ने दम करके दी सो! टिकलियों के डब्बे में थी! सात दिन से इफ्तार के बाद एक खा रही हूँ मैं."

दम की गोली! मी म्हटलं होतं दम लागतो त्याची, त्यांनी ऐकलं आयत पढून दम केलेली. म्हणून डोळ्यांना लावली. म्हणून बिस्मिल्लाह. या गल्लीत दमाचे दोन अर्थ होतात हे मला कळायला नको? मी सून आहे इथली!

मुजफ्फर माझ्याकडे बघायला लागले. "कसली गोळी?" अम्मीच बोलत सुटल्या, "बेटा, कितने बरसों बाद छाती हलकी लगी. नींद आई. हाफिजसाब के दम में बड़ी तासीर है. और दो पट्टी माँग के ला."

मुजफ्फरना आनंद झाला! "आज तरावीह को मिलेंगे, बोलता हूँ." टोपी घातली आणि रात्रीच्या तरावीहच्या नमाजला गेले. मी थांबवलं नाही.

आता ते हाफिजसाहेबांना विचारतील. हाफिजसाहेब म्हणतील, कसल्या गोळ्या? सगळ्या जमातीसमोर. उद्या गल्लीत — मुजफ्फरची बायको वेड्याच्या डॉक्टरकडे जाते, सासूला गोळ्या चारते. गझालाला यवतमाळला अकरावीला पाठवायचंय. तिचं पुढे सगळं व्हायचंय. या अल्लाह, माझ्यामुळे नको!

गझाला माझ्याजवळ येऊन बसली आहे. अजून अबोला आहे. पण बसली आहे.

१२ मार्च, बुधवार

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

मुजफ्फर आले. चप्पल काढायला नेहमीपेक्षा वेळ लावला. हाफिजसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुजफ्फरभाई, मी पाण्यावर दम केला. गोळ्या मी दिल्या नाहीत. जिनं आणल्या तिला घरी जाऊन विचारा. आणि आवाज चढवू नका, रोजे आहेत." एवढंच. कुणाला ऐकू गेलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. बाजारातलं, पुसदचं, अस्तराच्या नावानं यवतमाळ. मॅडम कोणत्या डॉक्टर आहेत तेही.

"पागल के डॉक्टर के पास?" म्हणाले.

तो शब्द बोलल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं, पण बोलले. मग म्हणाले, "अस्तर लाने जाती बोली तू." त्यांना गोळ्यांपेक्षा अस्तर लागलं. मी रडले नाही. छाती धडधडली नाही. हे नवलच! वाईटात वाईट होऊन गेलं की ती शांत बसते वाटतं.

गझालानं सगळं ऐकलं होतं. सकाळी सहरीला माझ्या ताटात अंडं ठेवलं. "मले वाटलं, तू बॅगेत पोराची चिठ्ठी शोधून राह्यली! विचारायचं ना वो." आणि धडधडीचं का विचारलं होतंस? "तुलेच होऊन राह्यलं होतं म्हणून." एवढं सोपं होतं. पोरीला दिसत होतं, मीच लपवत बसले.

१३ मार्च, गुरुवार

अम्मींना काल सांगितलं. दमाची म्हणजे कसली, ते. आधी रंग उडाला. "मतलब डॉक्टर की थी?" मग पहिला प्रश्न — "मेरे रोजे गए क्या?"

गझालाला पाठवून हाफिजसाहेबांना विचारून आणलं. इफ्तारनंतर घेतली, रोजे सलामत आहेत, आणि आजाऱ्यानं औषध घेणं ही सुन्नतच, पैगंबरांची रीतच, आहे. तेव्हा कुठे जिवात जीव आला. आणि जीव आल्या आल्या आवाजही आला! "मैं पागल हूँ क्या? तूने मेरेको पागलों की गोली खाने दी! चालीस लोगों की रोटी डाली मैंने!"

मी खाऊ दिली? बरं, मी. माझंच सगळं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड आणि जुम्याची नमाज एकाच दिवशी. आठ दिवस मोबाईलवर तेच चाललं होतं, कुठे काय होईल. मुजफ्फर पांढरा कुडता घालून निघाले आणि मी दारापर्यंत मागे गेले.

बाहेर बघितलं तर तानाबाई. आमच्या ओट्यावर सुपात तूर घेऊन बसलेली. "तुमच्याकडं ऊन चांगलं येते," म्हणाली. तिच्या अंगणात सकाळपासून ऊनच ऊन असतं. नमाज सुटून माणसं घरी येईपर्यंत निवडत बसली. तीच तूर तिनं दोनदा निवडली. मुजफ्फर आले तेव्हा उठली, "चाल्ली वो मी, भाकरी टाकाच्या हायेत."

काही झालं नाही आज. तिच्या भाचीच्या लग्नाआधी ब्लाउजचे हूक मी स्वतः लावून देईन, सुलट.

१५ मार्च, शनिवार

अम्मी बोलत नाहीत. हूक लावायला बसत नाहीत. रात्री झोपत नाहीत, ओसरीवर येरझारा घालतात. भांड्यावर भांडं आपटलं की दचकतात, मग गझालावर ओरडतात. म्हणजे नेहमीसारख्याच.

नेहमीसारख्या! हेच लिहिताना थांबले. अठरा वर्षं मी याला अम्मींचा स्वभाव समजते आहे.

१६ मार्च, रविवार

असरच्या नमाजनंतर अम्मी मुसल्यावरून उठल्याच नाहीत. जाऊन बघितलं तर भिंतीला टेकून बसलेल्या, हात छातीवर, ओठ पांढरे, कपाळावर घाम. मला वाटलं हार्ट! मुजफ्फरना हाक मारणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पकडलं. "किसी को मत बुला. होता है, जाता है."

"अंदर मुर्गी फडफडाती जैसी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात धरून बसले, मॅडमनी शिकवलं तसं, श्वास मोजत. आत चार, बाहेर सहा. मी मराठीत मोजत होते, त्या सोबत आयत पढत होत्या. पंधरा मिनिटांनी गेलं. मला माहीतच होतं, पंधरा मिनिटांनी जातं.

मग त्या म्हणाल्या, "वो डॉक्टर बाई है क्या?"

"हो. बाई आहेत." हिंदीत बोलायचंही सुचलं नाही मला.

१७ मार्च, सोमवार

गझालाचा शेवटचा पेपर झाला. भूगोल. चप्पल भिरकावून आत आली, अल्हम्दुलिल्लाह!

उद्या मंगळवार, मॅडम मंगळवारीच बसतात. मुजफ्फरना सांगितलं, मी आणि अम्मी यवतमाळला जातोय. या वेळी अस्तराला नाही. ते गाडीचा प्लग पुसत होते. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "सुबह मैं छोड़ता हूँ स्टँड पे. एक एक करके. अम्मी को पहले." प्लग जागेवर बसवत, "मेरेको बोलना था." मी म्हटलं, हो, बोलायला हवं होतं. त्यांनी तो शब्द परत घेतला नाही. पण तोंडातून पुन्हा काढलाही नाही.

अम्मींनी बुरख्याला इस्त्री करून मागितली. भीती वाटते आहे. मॅडमसमोर अम्मी उखडल्या तर? तिथे चाळीस लोकांची रोटी सुरू केली तर? की दारातूनच परत फिरल्या तर, आणि पुन्हा कधीच तयार झाल्या नाहीत तर?

१८ मार्च, मंगळवार

बसमध्येच लिहितेय. आर्णी गेलं. अम्मी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या आहेत, म्हणून अक्षर तिरकं.

मॅडमनी विचारलं, "आजी, हे कधीपासून होतंय?" मला वाटलं, म्हणतील मोतीबिंदूपासून. किंवा सासरे गेले तेव्हापासून. अम्मी नकाबाची कड बोटाला गुंडाळत राहिल्या.

"शादी के तीसरे दिन से," म्हणाल्या.